विश्वाचे वय आणि सरकलेल्या रेषा

खगोलशास्त्रावर मौद्यात कुठेही बोलायला उभे राहिले की शेवटी दोन प्रश्न हमखास येतात. पहिला : विश्व प्रसरण पावते आहे, तर ते नेमके कशात पावते आहे? दुसरा जरा आवाज चढवून विचारला जातो : नारळीकरसर तर महास्फोट मानत नव्हते, मग मुलांच्या पुस्तकांत विश्वाचे वय १३८० कोटी वर्षे असे ठोकून कसे काय सांगता? पहिल्याचे उत्तर इथेच देऊन टाकतो. बाहेर रिकामी जागा पडली आहे आणि विश्व तिच्यात फुगत चालले आहे, असे सापेक्षता सिद्धान्त म्हणत नाही. दीर्घिकांमधली अंतरे वाढत आहेत, एवढेच तो म्हणतो, आणि अंतरे वाढायला 'बाहेर' असावेच लागते असे नाही. दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र हे पुस्तक लिहावे लागले.

त्या प्रश्नात तीन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. दूरच्या दीर्घिकांच्या वर्णपटातल्या रेषा तांबड्या टोकाकडे सरकलेल्या दिसतात. हे झाले निरीक्षण. इंग्रजीतला 'रेडशिफ्ट' हा शब्द आता मराठीतही रुळला आहे, तोच मी वापरणार आहे. विश्वाच्या प्रसरणामुळे रेषा सरकतात. हा त्या निरीक्षणाचा लावलेला अर्थ. आणि प्रसरण मागे मोजत नेले की अमुक वर्षांपूर्वी सारे एकवटलेले होते. हा त्या अर्थावरून मांडलेला हिशेब. निरीक्षणाबद्दल कोणाचाच वाद नाही. अर्थाबद्दल होता आणि तो बराच मिटला आहे. हिशेबाबद्दल आजही आहे, पण लोकांना वाटतो तसा नाही. जयंत नारळीकरांचा मुख्य वाद हिशेबाशी होता. विश्व प्रसरण पावते हे ते आयुष्यभर मानत आले, ही गोष्ट आपल्याकडच्या कितीतरी चाहत्यांना ठाऊकच नसते.

सुरुवात डोळ्यांना दिसणाऱ्या दीर्घिकेपासून करू. डिसेंबरात धानाची कापणी उरकलेली असते आणि कन्हानच्या काठाने, गावाचे आणि महामार्गाचे दिवे मागे टाकून शेतात गेले, तर डोक्यावर देवयानी तारकासमूहात पुसट धुरकट ठिपका दिसतो. तो देवयानी दीर्घिकेचा. पंचवीस लाख प्रकाशवर्षे दूर असलेली ही दीर्घिका म्हणजे आपल्या भागातून नुसत्या डोळ्यांना दिसणारी सर्वांत दूरची वस्तू. १९१२ मध्ये अमेरिकेतल्या लॉवेल वेधशाळेत व्हेस्टो स्लायफर यांनी तिच्या वर्णपटाच्या काचा घेतल्या, तेव्हा रेषा सरकलेल्या निघाल्या, पण निळ्या टोकाकडे. देवयानी सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटर वेगाने आपल्या दिशेने येते आहे. म्हणजे या विषयातले पहिलेच मोजमाप पुढच्या निष्कर्षाच्या उलट निघाले होते. कारण सरळ आहे : जवळच्या दीर्घिका एकमेकींना गुरुत्वाकर्षणाने धरून असतात, तिथे प्रसरणाचे काही चालत नाही. स्लायफर थांबले नाहीत. पुढच्या काही वर्षांत त्यांनी मोजलेल्या बहुतेक दीर्घिका तांबड्याकडे सरकलेल्या निघाल्या आणि काहींचे वेग हजार किलोमीटरच्या वर गेले.

नागपूर–भंडारा महामार्गावर ट्रक हॉर्न वाजवत जवळ येतो तेव्हा आवाज चढा लागतो आणि पुढे निघून गेला की एकदम उतरतो. रेडशिफ्ट समजावताना हे उदाहरण सगळेच देतात. देवयानीसाठी ते चपखल आहे. दूरच्या दीर्घिकांना ते लावले की मात्र फसगत होते. ट्रक रस्त्यावरून धावतो, रस्ता जागच्या जागी असतो. दूरच्या दीर्घिकेचा प्रकाश वाटेत असताना मधले अवकाशच ताणले जाते आणि त्याबरोबर लाटेची लांबीही. निघताना लाट केवढी होती आणि पोचली तेव्हा केवढी, या गुणोत्तरावरून तेवढ्या काळात विश्व किती पटींनी मोठे झाले ते थेट कळते.

याचे एक उदाहरण आपल्या राज्यातलेच आहे. जुन्नर तालुक्यात, नारायणगावाजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे : प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, पोलादी तारांच्या जाळीच्या. हायड्रोजनचा अणू २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओलहर सोडतो. ही लांबी अणूच्या रचनेतूनच ठरते. एका दूरच्या दीर्घिकेतल्या हायड्रोजनची हीच लहर जीएमआरटीने ४८ सेंटिमीटरवर पकडली आणि २०२३ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झाले. एकवीसचे अठ्ठेचाळीस, म्हणजे जवळजवळ २.३ पट. वाढ १.२९ पट, म्हणून रेडशिफ्ट १.२९. ती लहर निघाली तेव्हा दीर्घिकांमधली अंतरे आजच्या निम्म्याहूनही कमी होती. इथपर्यंत वर्षांचा उल्लेख कुठेही आलेला नाही. लहर ८८० कोटी वर्षांपूर्वी निघाली, हे सांगायचे तर प्रसरणाचा वेग कोणत्या काळी किती होता ते ठाऊक असावे लागते. खरी खोच तिथे आहे.

तो वेग एडविन हबल यांनी काढला. १९२९ मध्ये त्यांनी चोवीस दीर्घिकांची अंतरे त्यांच्या वेगांशी ताडून पाहिली. वेग बव्हंशी स्लायफर यांचेच होते. अंतर जितके जास्त तितका वेग जास्त, हे दिसले. प्रसरणशील विश्वाचे गणित त्याआधीच फ्रीडमान यांनी १९२२ मध्ये आणि लमेत्र यांनी १९२७ मध्ये मांडून ठेवले होते. पुढचे दूरदूरचे वर्णपट मिळवले मिल्टन ह्यूमसन यांनी. चौदाव्या वर्षी शाळा सोडलेला हा माणूस माउंट विल्सनच्या बांधकामाला खेचरांवरून सामान वाहत असे, मग वेधशाळेत झाडलोटीला लागला आणि तिथून वेधकर्ता झाला. एकेका काचेसाठी तो कित्येक रात्री दुर्बीण एकाच धूसर ठिपक्यावर धरून बसे. कॅल्शियमच्या दोन रेषा कुठे उमटल्या ते पाहायचे, त्यासाठी एवढा खटाटोप.

हबल यांचा आकडा होता : दर मेगापार्सेक अंतराला सेकंदाला ५०० किलोमीटर. मेगापार्सेक म्हणजे सुमारे साडेबत्तीस लाख प्रकाशवर्षे, म्हणजेच ३०.९ अब्ज अब्ज किलोमीटर. त्याला पाचशेने भागले की आलेले सेकंद होतात जवळपास २०० कोटी वर्षे. विश्वाचे वय ढोबळमानाने एवढेच. पण किरणोत्सर्गी खनिजांवरून पृथ्वीवरचे खडक त्याहूनही जुने ठरत होते. आईपेक्षा मूल वयाने मोठे असे काहीतरी होऊन बसले.

हा पेच समजून घेतल्याशिवाय नारळीकरांचा पक्ष समजत नाही. १९४८ मध्ये बॉण्डी, गोल्ड आणि हॉयल यांनी स्थिर स्थिती सिद्धान्त मांडला, त्यामागे ही विसंगती होती. विश्व प्रसरण पावते, पण त्याला आरंभ नाही. दीर्घिका दूर जातात तसे मधल्या जागेत नवे द्रव्य निर्माण होत राहते आणि विश्व कोणत्याही काळी सारखेच दिसते. विश्वाला वयच नसेल तर खडक किती का जुने असेनात! हा काही हट्ट नव्हता. त्या काळच्या आकड्यांवर तो सर्वांत प्रामाणिक तोडगा होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि चूक निघाली ती आकड्यांतच. १९५२ मध्ये वॉल्टर बाडे यांनी दाखवून दिले की अंतरे मोजायला हबल यांनी वापरलेले सेफीड तारे दोन जातींचे असतात आणि त्यांची गल्लत झाली आहे. अंतरे एका फटक्यात दुप्पट झाली, वयही दुप्पट झाले. १९५८ मध्ये ॲलन सँडेज यांनी प्रसरणाचा आकडा ७५ पर्यंत खाली आणला. रेडशिफ्टच्या सगळ्या इतिहासात हे पुन्हा पुन्हा घडते : रेषेचे सरकणे अचूक मोजलेले असते, घोळ असतो तो अंतरात.

नारळीकर १९६० मध्ये केंब्रिजला हॉयल यांच्या हाताखाली संशोधनाला लागले. फेब्रुवारी १९६१ मध्ये मार्टिन रायल यांनी रेडिओ उगमांची मोजणी जाहीर केली : क्षीण, म्हणजे दूरचे, म्हणजे जुन्या काळातले उगम स्थिर स्थितीत असायला हवेत त्यापेक्षा फार जास्त आहेत. विश्व बदलते आहे, सिद्धान्त कोसळला. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत याला उत्तर द्यायची वेळ आली तेव्हा हॉयल यांनी बावीस वर्षांच्या नारळीकरांना उभे केले. त्यांचा युक्तिवाद असा की विश्व आपण धरतो तेवढे एकसारखे नाही. दीर्घिकांच्या समूहांचेही महासमूह आणि त्यांच्यामध्ये मोठाल्या पोकळ्या असतील तर मोजणीत असा फुगवटा येऊ शकतो. महासमूहांची कल्पना तेव्हा फारशी कोणी मनावर घेत नसे. ती खरी निघाली. पुण्याच्या आयुका आणि आयसर या संस्थांतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये जाहीर केलेला, ४०० कोटी प्रकाशवर्षांवरचा 'सरस्वती' महासमूह हे त्यातलेच एक ठळक नाव. रायल यांच्या सुरुवातीच्या आकड्यांतही पुढे बऱ्याच दुरुस्त्या झाल्या. तरी मूळ मुद्द्यावर रायल बरोबर ठरले : पूर्वीचे विश्व आजच्यासारखे नव्हते. १९६५ मध्ये पेन्झियास आणि विल्सन यांना सर्व दिशांनी येणारे सूक्ष्मलहरींचे प्रारण सापडले आणि जुन्या स्थिर स्थितीची बाजू फारच लंगडी पडली.

मग रेडशिफ्टच्या अर्थावरच शंका घेणारे पुढे आले. हॅल्टन आर्प हे त्यातले सर्वांत चिकाटीचे. शेजारी शेजारी दिसणाऱ्या, कधी एकमेकींना जोडलेल्या भासणाऱ्या, पण रेडशिफ्ट अगदी वेगळा असलेल्या दीर्घिका आणि क्वेसार, म्हणजे ताऱ्यासारखे ठिपके दिसणारे तेजस्वी उगम, त्यांनी शोधून शोधून गोळा केले. जोडी खरी असेल तर रेडशिफ्ट अंतराचा पुरावा राहत नाही. नारळीकरांनी आर्प यांच्या निरीक्षणांना सैद्धान्तिक बैठक देऊ केली. हॉयल आणि त्यांनी १९६४ मध्ये मांडलेल्या गुरुत्वाकर्षण सिद्धान्तात कणांचे वस्तुमान कायमचे ठरलेले नसते. नव्याने जन्मलेल्या द्रव्यातला इलेक्ट्रॉन हलका असेल तर त्याचा प्रकाश मुळातच तांबड्याकडे झुकलेला निघेल. १९९३ मध्ये नारळीकर आणि आर्प यांनी मिळून हे सविस्तर मांडले.

कल्पना देखणी आहे. पण निरीक्षणे तिच्या बाजूने उभी राहिली नाहीत. स्टीफनचे पंचक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पाच दीर्घिकांतली एक सेकंदाला सुमारे ८०० किलोमीटर वेग दाखवते आणि बाकीच्या सहा हजारांच्या आसपास. आर्प यांच्या मते पाचही एकत्र होत्या. हबल दुर्बिणीने त्या एकट्या दीर्घिकेतले सुटे तारे वेगळे दाखवले, इतरांतले तितके सुटे झाले नाहीत. ती खरोखरच पुढे उभी आहे, सात-आठपट जवळ. क्वेसारांचे तर १९७९ मध्येच उघड झाले. शेजारी दिसणारे, हुबेहूब एकाच वर्णपटाचे दोन क्वेसार सापडले, रेडशिफ्ट १.४१. मधल्या ०.३६ रेडशिफ्टच्या दीर्घिकेने एकाच क्वेसारचा प्रकाश वाकवून त्याच्या दोन प्रतिमा केल्या होत्या. प्रकाश वाकवणारी दीर्घिका पुढे आणि क्वेसार मागे असल्याशिवाय हे घडतच नाही. जास्त रेडशिफ्टची वस्तू दूर असते, हे इथे गुरुत्वाकर्षणाने स्वतंत्रपणे सांगितले.

'थकलेला प्रकाश' ही दुसरी पळवाट. फ्रिट्झ झ्विकी यांनी ती १९२९ मध्येच सुचवली होती : प्रसरण वगैरे काही नाही, दूरवरून येताना प्रकाश वाटेत ऊर्जा गमावतो एवढेच. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ही पटते, आणि मला दरवेळी ती कोणी तरी विचारतेच. तिचा निकाल लावणारी कसोटी मला या साऱ्या विषयातली सर्वांत सुंदर वाटते. एका ठरावीक प्रकारचे सुपरनोव्हा, म्हणजे स्फोट होणारे तारे, जवळपास ठरलेल्या दिवसांत उजळतात आणि मावळतात. प्रकाश नुसता थकत असेल तर तो तांबडा होईल, पण दिवस तेवढेच राहतील. अवकाश ताणले जात असेल तर दोन लाटांमधले अंतर वाढते तसे दोन दिवसांमधलेही वाढले पाहिजे : रेडशिफ्ट ०.५ असेल तर वीस दिवसांचा सुपरनोव्हा तीस दिवस चालताना दिसला पाहिजे. तसाच दिसतो. डार्क एनर्जी सर्व्हे या प्रकल्पाने १५०४ सुपरनोव्हांवर हे तपासले आणि २०२४ मध्ये जाहीर केले. ताण प्रसरणाच्या भाकिताशी एका टक्क्याच्याही आत जुळला.

तापमानाची कसोटी तर पुण्याशीच जोडलेली आहे. सूक्ष्मलहरींच्या प्रारणाचे आजचे तापमान निरपेक्ष शून्याच्या वर २.७ अंश आहे. विश्व पूर्वी लहान असेल तर ते तेव्हा जास्त गरम असले पाहिजे : रेडशिफ्ट २.३४ असताना २.७२५ गुणिले ३.३४, म्हणजे ९.१ अंश. आयुकाचे आर. श्रीआनंद आणि त्यांचे फ्रेंच सहकारी यांनी एका दूरच्या क्वेसारच्या वाटेत आलेल्या वायूच्या ढगातल्या कार्बनच्या रेषा वाचून तिथले तापमान काढले. ते ६ ते १४ अंशांच्या दरम्यान निघाले. डिसेंबर २००० मध्ये 'नेचर'ने हे प्रसिद्ध केले. आयुकाचे संचालक त्या वेळी नारळीकर होते. महास्फोटाच्या बाजूने जाणारे एवढे महत्त्वाचे मोजमाप त्यांच्याच संस्थेतल्या संशोधकाने केले, याचा मला त्यांच्या कोणत्याही पुरस्काराइतकाच अभिमान वाटतो. संस्था अशी उभारायची असते.

त्यांनी स्वतः आपला पक्ष सोडला नाही, बदलला. १९९३ मध्ये हॉयल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांनी स्थिरवत् स्थितीचे प्रारूप मांडले : विश्व दीर्घकाळ पसरत जाते आणि त्याच ओघात सुमारे पाच हजार कोटी वर्षांच्या आवर्तनांनी आकुंचन-प्रसरणही करते, द्रव्य एका महास्फोटात न जन्मता अनेक लहान स्फोटांत जन्मते, सूक्ष्मलहरींचे प्रारण म्हणजे ताऱ्यांचाच प्रकाश, लोखंडाच्या अतिसूक्ष्म तंतूंनी शोषून पुन्हा सोडलेला. या प्रारूपाची भाकिते तपासता येण्याजोगी होती. आधीच्या आवर्तनातले, १३८० कोटी वर्षांहून कितीतरी जुने तारे सापडायला हवे होते; काही अतिक्षीण दीर्घिका निळ्याकडे सरकलेल्या दिसायला हव्या होत्या. त्या मिळाल्या नाहीत. प्लँक उपग्रहाने प्रारणातल्या बारीक चढउतारांचा जो नकाशा दिला तोही महास्फोटाच्या गणिताशी जितका जुळतो तितका या प्रारूपाशी जुळत नाही. माझ्या मते हा निकाल पक्का आहे.

तो इथे लिहिताना मला जड जाते हे खरे. 'कृष्णविवर'सारख्या कथांनी आणि असंख्य लेखांनी नारळीकरांनी मराठी घरांत विज्ञान आणले, माझ्याही घरात. २० मे २०२५ रोजी ते गेले तेव्हा मौद्यातही अनेकांना घरचे माणूस गेल्यासारखे वाटले. पण कोल्हापुरात जन्मलेला आपला माणूस म्हणून त्यांचे विश्वशास्त्र खरे मानणे हा त्यांचा सन्मान नव्हे. आणि बहुमताविरुद्ध गेले म्हणून त्यांना बाजूला सारणे हा तर अन्यायच. त्यांनी हरण्याची शक्यता असलेली भाकिते केली. ज्याच्या सिद्धान्ताला हरताच येत नाही त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

याच कारणाने आणखी एका दाव्याबद्दल लिहावे लागते. पूजेच्या संकल्पात आपण श्वेतवाराह कल्पाचा उच्चार करतो. कल्प ४३२ कोटी वर्षांचा, पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी. तेव्हा पूर्वजांना सारे ठाऊक होते, असे व्याख्यानानंतर कोणी ना कोणी सांगतेच. एवढ्या विशाल काळाची कल्पना करणाऱ्या बुद्धीविषयी मला आदर आहे. परंतु त्या आकड्यामागे खडकातल्या युरेनियमचे मोजमाप नाही, आणि विश्वाच्या वयाशी तो जुळतही नाही. नारळीकरांच्या आवर्तनी विश्वाला कल्पांचा आधार जोडणाऱ्यांनी ते स्वतः फलज्योतिषाची सांख्यिकी चाचणी घेणारे गृहस्थ होते हे विसरू नये.

आता आजचा वाद. प्लँकच्या नकाशावरून प्रसरणाचा आकडा ६७.४ येतो, सेफीड आणि सुपरनोव्हांच्या पायऱ्यांनी अंतरे मोजणाऱ्या ॲडम रीस यांच्या गटाला ७३ मिळतो, वेंडी फ्रीडमन यांच्या गटाचा आकडा ७० च्या आसपास आहे. बाकी प्रारूप तेच ठेवून नुसता हा आकडा ६७ चा ७३ केला तर विश्वाचे वय शंभरेक कोटी वर्षांनी घटते. अंतराच्या पायऱ्यांत पुन्हा बाडे यांच्या वेळेसारखी गल्लत आहे की भौतिकशास्त्रातच काही नवे आहे, यावर जोरात काम चालू आहे. वेब दुर्बिणीने भर घातली ती निराळ्या बाजूने. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी २०२५ मध्ये वेबच्या प्रतिमांतून 'अलकनंदा' ही दीर्घिका जाहीर केली. विश्व जेमतेम दीडशे कोटी वर्षांचे असताना तिचे दोन्ही सर्पिल बाहू नीट घडलेले होते. इतक्या लवकर इतकी सुघड दीर्घिका कशी, हा खरा प्रश्न आहे, आणि तो दीर्घिका कशा घडतात याविषयीचा आहे. अशाच दीर्घिकांचा आधार घेऊन २०२३ मध्ये ओटावा विद्यापीठाच्या राजेंद्र गुप्ता यांनी थकलेला प्रकाश आणि बदलते स्थिरांक यांची सांगड घालून विश्वाचे वय २६७० कोटी वर्षे काढले. वर्तमानपत्रांनी ते मथळ्यात छापले. असे प्रत्येक प्रारूप आधी सुपरनोव्हांच्या दिवसांपुढे आणि प्रारणाच्या नकाशापुढे उभे करून पाहावे. पुस्तकाच्या सहाव्या प्रकरणात मी तेच केले आहे. गणिताची धास्ती असेल त्यांनी तिसरे प्रकरण सोडले तरी चालेल, पाचवे मात्र सोडू नये.

शेवटचे प्रकरण हिंगोलीवर आहे. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून आलेल्या गुरुत्वीय लहरी पकडल्या गेल्या. अशा लहरींच्या आकारावरून टक्कर किती दूर झाली ते थेट निघते. सेफीड नको, सुपरनोव्हा नको, कुठलीच पायरी नको. त्या दीर्घिकेचा रेडशिफ्ट दुर्बिणीने मोजला, दोन्हींची सांगड घातली, आणि प्रसरणाचा आकडा आला ७०. चूक वरच्या बाजूला बाराची, खालच्या बाजूला आठाची. एवढ्या ढोबळ आकड्याने ६७ आणि ७३ मधला तंटा सुटत नाही, त्यासाठी अशा बऱ्याच टकरी हव्यात आणि त्या आकाशात नेमक्या कुठे झाल्या हे सांगणाऱ्या एकमेकांपासून दूरदूरच्या वेधशाळा हव्यात. अशीच एक, लायगो-इंडिया, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथच्या परिसरात उभारायला केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटी रुपये मंजूर केले. तिचे चार किलोमीटर लांबीचे दोन बाहू कसे काम करतील आणि त्यातून अंतर कसे निघते, हे त्या प्रकरणात आकृत्यांसह दिले आहे.

मौदा, जि. नागपूर